पाल्यापासून गोळीपर्यंत : मधुमेहावरील वनौषधींचे संशोधन कसे होते?

मधुमेह हा विकार आज आपल्या समाजात किती खोलवर शिरला आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्व राज्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले. तेथे प्रौढांपैकी २६.४ टक्के लोकांना हा विकार आहे. कोकणपट्टीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या आकड्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

विकार जितका सार्वत्रिक, तितके त्यावरचे घरगुती उपायही सार्वत्रिक असतात. कुणी अनशापोटी कारल्याचा रस घेतो, कुणी जांभळाच्या बियांची पूड फाकतो, तर कुणी बिबळ्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी पितो. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात गप्पा रंगल्या की यातील एखादा उपाय हमखास ऐकू येतो. त्याबरोबर आणखी एक वाक्यही ऐकू येते : "डॉक्टरांच्या गोळ्या म्हणजे नुसती रसायने. पाला कधी अपाय करत नाही." या वाक्यात थोडे तथ्य आहे आणि बराच धोकाही आहे. वनस्पतींमध्ये मधुमेहावर चालणारे घटक खरोखर असतात काय? असल्यास शास्त्रज्ञ ते कसे शोधतात आणि त्यांची पारख कशी करतात? या प्रश्नांची उत्तरे वाचकांपुढे सोप्या शब्दांत ठेवावीत, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

विकाराचे स्वरूप

आपण खाल्लेल्या भात-भाकरीतील पिष्टमय पदार्थांचे आतड्यात ग्लुकोज या साखरेत रूपांतर होते व ती रक्तात उतरते. पोटातील स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीत बीटा पेशी असतात. त्या इन्शुलिन हे संप्रेरक तयार करतात. इन्शुलिनच्या साहाय्याने साखर रक्तातून स्नायूंच्या आणि इतर पेशींत जाते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात बीटा पेशीच नष्ट झालेल्या असतात. हा प्रकार बहुधा लहान वयात दिसतो आणि त्यावर बाहेरून इन्शुलिन घेण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन तयार होते, पण शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि कालांतराने त्याचा पुरवठाही कमी पडतो. आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण या दुसऱ्या प्रकारातील आहेत.

रक्तातील साखर कमी करण्यासाठी शरीरात निरनिराळ्या ठिकाणी उपाय करता येतो. आतड्यात साखर शोषली जाण्याचा वेग कमी करता येतो. स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन सोडण्यास उद्युक्त करता येते. यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडत असते, ते कमी करता येते. मूत्रपिंडाद्वारे जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकता येते. आश्चर्य वाटेल, पण या चारही ठिकाणी काम करणारे घटक वनस्पतींत आढळले आहेत.

युरोपातील एका रानटी झुडपाची कथा

आज जगात मधुमेहावर सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन अग्रस्थानी आहे. तिचा वंश एका वनस्पतीपर्यंत पोहोचतो, हे अनेकांना ठाऊक नसते. 'गॅलेगा ऑफिसिनालिस' हे जांभळट फुलांचे झुडूप युरोपातील लोकवैद्यकात फार पूर्वीपासून वापरात होते. ग्वानिडीन या द्रव्याने प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरते, असे १९१८ साली दिसून आले. गॅलेगामध्ये ग्वानिडीनच्याच कुळातील गॅलेगिन हे द्रव्य असते. १९२० च्या दशकात गॅलेगिन मधुमेहाच्या रुग्णांना देऊनही पाहण्यात आले. साखर उतरली, परंतु ते द्रव्य विषारी असल्याने त्याचा वापर सोडून द्यावा लागला. हे झुडूप चरणारी गुरेही विषबाधेने दगावतात.

याच कुळातील मेटफॉर्मिन हे संयुग १९२२ साली डब्लिन येथे वेर्नर आणि बेल या रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवले. १९२९ साली प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचा साखर उतरवण्याचा गुण दिसला. मात्र त्याच सुमारास इन्शुलिनचा नवा शोध साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेत होता, त्यामुळे मेटफॉर्मिन बाजूला पडले. पुढे जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते माणसांवर पद्धतशीरपणे वापरून १९५७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत तर ते १९९५ साली बाजारात आले. १९९८ साली ब्रिटनमधील एका प्रदीर्घ अभ्यासाने दाखवून दिले की वजन जास्त असलेल्या रुग्णांत मेटफॉर्मिनमुळे हृदयविकाराचे झटके व मृत्यू यांचे प्रमाण घटते. यकृतातून होणारी साखरेची निर्मिती कमी करणे, हे या औषधाचे मुख्य कार्य होय.

या कथेतून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, झुडपातील मूळ द्रव्य उपयोगी होते पण सुरक्षित नव्हते. त्याच्या रचनेत बदल केल्यावरच ते माणसाला देण्याजोगे झाले. दुसरी, याच कुळातील फेनफॉर्मिन हे औषध काही वर्षे सर्रास वापरले गेले, पण त्यामुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साठून रुग्ण दगावू लागले. तेव्हा १९७७ साली अमेरिकेत ते मागे घेण्यात आले. मूळ एकच असले तरी प्रत्येक संयुगाची परीक्षा स्वतंत्रपणे करावी लागते.

सफरचंदाची साल आणि मूत्रपिंड

दुसरी कथा सफरचंदाच्या झाडाची आहे. त्याच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे कडू द्रव्य १८३५ साली वेगळे करण्यात आले. ताप उतरवण्यासाठी त्याचा उपयोग होईल, अशी तेव्हा अपेक्षा होती. १८८६ साली योसेफ फॉन मेरिंग या जर्मन वैद्याला आढळले की फ्लोरिझिन घेतल्यावर लघवीतून साखर जाऊ लागते. याचे कारण पुढे स्पष्ट झाले. मूत्रपिंड रक्त गाळताना त्यातील साखर परत शोषून घेते. हे काम करणाऱ्या प्रथिनांना फ्लोरिझिन अडवते.

मग सालीचा काढाच का देऊ नये? फ्लोरिझिन तोंडाने घेतले असता त्याचा मोठा भाग आतड्यातच फुटून जातो आणि उरलेले आतड्यातील साखरेचे शोषणही अडवते, त्यामुळे जुलाब होतात. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत असा बदल केला की आतड्यातील पाचक द्रव्यांना ते फोडता येऊ नये आणि त्याचा परिणाम प्रामुख्याने मूत्रपिंडावर व्हावा. त्यातून डॅपाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे जन्माला आली व २०१२ नंतरच्या दोन-तीन वर्षांत रुग्णांपर्यंत पोहोचली. हृदय निकामी होणे व मूत्रपिंडाची हानी यांपासूनही ती संरक्षण देतात, असे नंतरच्या मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले. सालीतील द्रव्यापासून या गोळीपर्यंतचा प्रवास पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालला.

आपल्या मातीतील वनस्पती

आता आपल्याकडे वळू. मुंबईत या संशोधनाची परंपरा जुनी आहे आणि तिच्याशी दोन येशूसंघीय धर्मगुरूंची नावे जोडलेली आहेत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही त्या महाविद्यालयात आहे. दुसरे फादर जाँ फर्डिनांड केयस हे परळच्या हाफकिन संस्थेत औषधिशास्त्रज्ञ म्हणून कार्यरत होते. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांनी सिद्ध केलेल्या भारतीय औषधी वनस्पतींवरील विख्यात ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचे संपादन १९३० च्या दशकात ब्लॅटर, केयस आणि डॉ. म्हसकर यांनी केले. याच म्हसकर व केयस यांनी मधुनाशिनी, म्हणजेच गुडमार या वेलीचा सविस्तर अभ्यास करून १९३० साली तो प्रसिद्ध केला. परंपरेने सांगितलेले आदराने ऐकावे, पण प्रयोगाने तपासून घ्यावे, ही त्यांची रीत होती.

या वेलीला काही भागांत 'बेडकीचा पाला' असेही म्हणतात. तिची पाने चावून मग साखर तोंडात टाकली तर साखरेची गोडी काही काळ जाणवत नाही. पानांतील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोड चवीच्या ग्राहकांना अडवतात, म्हणून असे घडते. १९९० साली मद्रासच्या संशोधकांनी दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर या पानांचा अर्क १८ ते २० महिने दिला. त्यांची साखर उतरली आणि ५ जणांना गोळ्या थांबवता आल्या. निष्कर्ष उत्साहवर्धक होता. तथापि रुग्ण थोडे होते व चाचणी आजच्या कसोटीला उतरेल अशा पद्धतीची नव्हती, त्यामुळे एवढ्यावरून औषध सिद्ध झाले असे म्हणता येत नाही.

कारल्यात चॅरँटिन तसेच इन्शुलिनसारखे कार्य करणारे एक प्रथिन असल्याचे संशोधक सांगतात. परंतु माणसांवरील पुरावा दुबळा आहे. २०१२ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय समीक्षा-संस्थेने ४ चाचण्यांतील ४७९ रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा तिला आढळला नाही. थायलंडमधील २०११ च्या एका चाचणीत कारल्याच्या पुडीने साखर थोडी उतरली, पण मेटफॉर्मिनपेक्षा कमी.

मेथीची गोष्ट अधिक समाधानकारक आहे. मेथीदाण्यात विद्राव्य तंतू भरपूर असतात. ते आतड्यात फुगून बुळबुळीत थर तयार करतात, त्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९८० च्या दशकापासून यावर काम केले. आहाराचा भाग म्हणून मेथी उपयुक्त आहे, याबद्दल फारसे दुमत नाही. मात्र प्रयोगांत दिलेले प्रमाण आपल्या फोडणीतील चिमूटभर मेथीच्या कितीतरी पट होते.

कोकणात परिचित असलेल्या सप्तरंगीच्या कुळातील वनस्पतींतून जपानी संशोधकांनी १९९७ साली सॅलॅसिनॉल हे द्रव्य वेगळे केले. पिष्टाचे साखरेत रूपांतर करणाऱ्या आतड्यातील विकरांना ते अडवते. याच तत्त्वावर चालणारे मिग्लिटॉल हे औषध तुतीत सापडणाऱ्या एका द्रव्याच्या रचनेवरून बेतलेले आहे. दारुहळदीतील बर्बेरीन हे द्रव्यही लक्ष वेधून घेत आहे. चीनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत ३६ नव्या रुग्णांत ते ३ महिन्यांत मेटफॉर्मिनच्या तोडीचे ठरले. परंतु ते इतर अनेक औषधांच्या शरीरातील पचनात ढवळाढवळ करते.

बिबळा किंवा विजयसार या वृक्षाच्या अर्काची चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत घेतली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ९७ नव्या रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. जांभळाच्या बाबतीत मात्र ब्राझीलमधील संशोधकांच्या पदरी निराशा आली. तेथे पानांचा चहा मधुमेहावर लोकप्रिय आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या गोळीने साखर उतरली, चहाने उतरली नाही. ही चाचणी पानांची होती, बियांची नव्हती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एकाच झाडाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी द्रव्ये असतात.

पारख कशी होते?

एखादी वनस्पती हाती घेतल्यावर प्रथम तिची शास्त्रीय ओळख पटवली जाते, कारण एकाच मराठी नावाने दोन-तीन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. मग पाणी, मद्यार्क वगैरेंत तिचा अर्क काढतात. अर्काचे भाग पाडून प्रत्येक भाग तपासतात आणि ज्या भागात गुण दिसतो त्याचे पुन्हा भाग पाडतात. अशा रीतीने शेवटी एक शुद्ध द्रव्य हाती येते. त्याची रचना ठरवून ते पेशींवर व नंतर उंदरांवर तपासले जाते.

वर्तमानपत्रांत "मधुमेहावर रामबाण उपाय सापडला" अशी बातमी येते ती बहुधा या टप्प्यावरची असते. या उंदरांना ॲलॉक्सन किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून त्यांच्या बीटा पेशी मारलेल्या असतात. वर्षानुवर्षे जडलेल्या माणसाच्या मधुमेहाशी या अवस्थेचे साम्य अपुरे असते. शिवाय उंदराला त्याच्या वजनाच्या मानाने दिलेली मात्रा माणसाच्या हिशेबात कित्येकदा न पेलणारी असते. बिबळ्यातील एपिकॅटेचिन या द्रव्याने बीटा पेशी पुन्हा निर्माण होतात, असा दावा १९८० च्या दशकाच्या आरंभी उंदरांवरील प्रयोगांतून केला गेला होता. इतर प्रयोगशाळांनी तोच प्रयोग केला, तेव्हा तसे काही दिसले नाही.

म्हणून अंतिम कसोटी माणसांवरील चाचणीची असते. त्यात रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात. एकाला औषध व दुसऱ्याला तशीच दिसणारी निर्गुण गोळी देतात. कुणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसते. इतका खटाटोप कशासाठी? औषध सुरू केलेला माणूस त्याच उत्साहात गोड कमी करतो, चालायला लागतो. मग साखर उतरली ती पाल्याने की पथ्याने, हे दुसऱ्या गटाशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. एका सकाळच्या साखरेवर विसंबूनही भागत नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी पाहावी लागते. ज्यांना बिबळ्याच्या पेल्याने गुण आला ते खोटे बोलत नसतात, परंतु त्यांच्याजवळ तुलनेसाठी दुसरा गट नसतो.

आपल्या देशाने २०१५ साली औषधविषयक नियमांत दुरुस्ती करून वनस्पतिजन्य औषधांचा स्वतंत्र वर्ग मान्य केला. अशा औषधात किमान चार क्रियाशील घटकांचे प्रमाण निश्चित केलेले असावे आणि त्याची सुरक्षितता व गुण चाचण्यांनी सिद्ध झालेले असावेत, अशी त्यात अट आहे. संपूर्ण अर्कालाही विज्ञानाच्या कसोटीवर उभे राहण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

"पाला अपाय करत नाही" हे खरे काय?

हे खरे नाही. ज्या द्रव्यात साखर उतरवण्याचे सामर्थ्य असते, त्यात ती प्रमाणाबाहेर उतरवण्याचेही सामर्थ्य असू शकते. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या एका स्त्रीने कारल्याची भाजी खाल्ल्यावर दोहोंचा परिणाम एकत्र झाल्याची नोंद १९७९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. पुढे २०२२ साली देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची नोंद केली.

बाजारातील पुड्यांचा धोका आणखी वेगळा आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरात विकल्या जाणाऱ्या दक्षिण आशियाई वनौषधींपैकी ७० उत्पादने तपासली असता १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. 'शुद्ध वनस्पती' म्हणून विकलेल्या काही पुड्यांत मधुमेहाच्या गोळ्याच कुटून घातल्याचे अनेक देशांत उघडकीस आले आहे. अशी पुडी घेणाऱ्याला गुण येतो तो त्या गोळीचा, आणि मात्रा किती हे कुणालाच ठाऊक नसते. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे.

सर्वांत मोठा अपाय मात्र पाल्याने होत नाही. पाल्याच्या भरवशावर औषध सोडल्याने होतो. साखर वाढलेली असूनही कित्येकदा काहीच दुखत नाही, आणि या काळात डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा हळूहळू निकामी होत राहतात. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलाचे इन्शुलिन बंद केले तर काही दिवसांतच त्याच्या जिवावर बेतते. १९२२ पूर्वी अशी मुले वाचत नसत. त्या वर्षी टोरांटो येथे प्रथमच एका मुलाला इन्शुलिन देण्यात आले, तेव्हापासून हे चित्र पालटले. त्या इन्शुलिनला पर्याय ठरेल अशी कोणतीही वनस्पती आजवर सापडलेली नाही.

वाचकांसाठी

आम्ही वैद्य नाही, त्यामुळे कुणाला औषध सुचवणे हा आमचा अधिकार नाही. तरीही वरील माहितीतून काही व्यवहार्य गोष्टी निघतात. कारले, मेथी, जांभूळ हे पदार्थ आहारात खुशाल असावेत. एखादा अर्क किंवा चूर्ण नियमित घेत असाल, तर आपल्या डॉक्टरांना ते मोकळेपणाने सांगावे. पुष्कळ रुग्ण ही गोष्ट रागावतील या भीतीने लपवतात आणि मग डॉक्टर गोळीची मात्रा चुकीच्या अंदाजाने ठरवतात. डॉक्टरांनीही रुग्णाला हसण्याऐवजी त्याचे ऐकून घ्यावे. गोळी किंवा इन्शुलिन स्वतःच्या मनाने थांबवू नये. गर्भवती स्त्रिया, लहान मुले तसेच यकृताचे व मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी विशेष सावध राहावे. लेबल नसलेली, घटक न सांगणारी पुडी कुणीही दिली तरी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. सप्तरंगी, बिबळा यांसारख्या वनस्पतींना मागणी वाढली की मुळासकट तोड होते. सालीसाठी झाड सोलले की ते मरते. ज्या रानातून उद्याचे औषध निघण्याची शक्यता आहे, ते रान आज आपल्या हातून संपू नये.

घरात कुणाला मधुमेह असेल तर या आठवड्यात दोन प्रश्न अवश्य विचारावेत : एचबीएवनसी तपासणी शेवटची कधी केली, आणि गोळ्यांबरोबर आणखी काय घेता? मिळालेली उत्तरे कागदावर लिहून पुढच्या भेटीच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवावीत, अशी आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे.